खेळ पोराचा, करार कोणाचा?

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर स्पर्धा खेळून पोट भरता येतं, ही गोष्ट आता महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांनाही नवी राहिलेली नाही. नवी आहे ती त्या स्पर्धेमागची व्यवस्था. खेळाडू निवडायचे, त्यांना पगार द्यायचा, एका घरात ठेवून सराव करून घ्यायचा, प्रायोजक आणायचे आणि या सगळ्याच्या बदल्यात खेळाडूचं नाव, चेहरा आणि वेळ यांवर हक्क ठेवायचा, हे काम करणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेत. त्यांतल्या काही नामांकित कंपन्या मुंबई आणि नवी मुंबईतल्या आहेत. खेळाडू त्यांना ‘ऑर्ग’ म्हणतात. या ऑर्गबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. कोणी म्हणतं, त्यांनी पोरांना उभं केलं. कोणी म्हणतं, त्यांनी पोरांना बांधून घेतलं. मला दोन्हींत तथ्य दिसतं, म्हणून ती दोन्ही मतं इथे समोरासमोर बसवली आहेत. संवादातली आत्या पुण्यात वकिली करते, भाचा नवी मुंबईतल्या एका ऑर्गमध्ये संघाचा मॅनेजर आहे. ही दोन माणसं आणि त्यांच्या हातातला करार कल्पित आहेत; ती ज्या घटनांचा, कायद्यांचा आणि निकालांचा दाखला देतात ते खरे आहेत.

आत्या : हा करार तुझ्या कंपनीचा नाही, हे आधीच सांगते. माझ्या एका अशिलाच्या मुलाला आलाय. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. सगळा वाचला आणि मन अस्वस्थ झालं. पगार देणारी कंपनी तीच, त्याच्यासाठी जाहिराती आणणारी एजंटही तीच, राहायला जागा देणारीही तीच. उद्या कंपनीशीच बिनसलं तर त्या मुलानं सल्ला कोणाला विचारायचा?

भाचा : प्रश्न रास्त आहे. पण तो मुलगा आधी कुठे होता तेही बघ ना. घरात सगळ्यांचं एकच टुमणं, फोन ठेव आणि अभ्यासाला बस. नेट धड नाही, फोन तापून अडकतो, आणि स्पर्धेत उतरायचं तर चार जणांचा जमलेला संघ हवा. आम्ही त्याला शोधतो, चांगला फोन देतो, कोच देतो, चुका काढून दाखवणारा ॲनालिस्ट देतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये एका सामन्यात सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू, एकाच नकाशावर उतरतात. दुपारपासून रात्रीपर्यंत स्क्रिम्स, म्हणजे सरावसामने, चालतात आणि मग त्यांचं रेकॉर्डिंग बघत बसायचं. झोन कुठे सरकला, गाडी कोणी वाया घालवली, टेकडी घ्यायला उशीर का झाला. घरी एकटं बसून हे जमत नाही, आत्या.

आत्या : म्हणजे तालीमच की.

भाचा : तालीमच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, म्हणून तिथे कुस्ती बहरली. खुराकाची भ्रांत असलेल्या माणसाचं डावात लक्ष लागत नाही. आज तो आश्रय कंपनी देते.

आत्या : पण वस्ताद पठ्ठ्याला घडवताना त्याचं नाव आपल्या मालकीचं आहे असं लिहून घेत नव्हता. या करारात मुलाचं खेळातलं टोपणनाव आणि त्याचं यूट्यूब चॅनल, दोन्ही कंपनीकडे राहणार आहेत. संघ सोडला तर त्यानं नवं नाव घ्यायचं, नवं चॅनल काढायचं. लोक त्याला ज्या नावानं ओळखतात तेच त्याच्यापाशी उरलं नाही, तर बाहेर पडून तो कशाच्या जोरावर उभा राहील?

भाचा : टोपणनावाचं कलम मलाही पटत नाही. आमच्याकडे ते नाही. पण चॅनलमागचं गणित समजून घे. लोकांना वाटतं, ऑर्ग बक्षिसांवर चालते. बक्षिसातला मोठा वाटा खेळाडूंना जातो, आणि सोळापैकी पंधरा संघांच्या हाती करंडक लागतच नाही. ऑर्ग चालते प्रायोजकांवर आणि कंटेंटवर. ‘सोल’ आणि ‘एटबिट’ या दोन ऑर्ग २०२० मध्ये एकत्र आल्या. त्या गटाला २०२२ मध्ये लास वेगासच्या ईस्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये मान मिळाला, तो वर्षातला सर्वोत्तम कंटेंट गट म्हणून. आणि यामागची माणसं कोण? नमन माथुर, अनिमेष अगरवाल. तिकडे ‘गॉडलाइक’चा चेतन चांदगुडे. सगळी आधी स्वतः खेळणारी मुलं. मालक म्हणजे बाहेरून आलेला सावकार, असं आपल्याकडे सरसकट म्हणता येणार नाही.

आत्या : सावकार मी म्हणतच नाही. पण खेळाडूचा मालक झाला की त्याला पगारपत्रक सांभाळावं लागतं. काल तो ज्या बाजूनं बघत होता, त्या बाजूनं आज त्याला बघता येईलच असं नाही. तो चांगला माणूस आहे म्हणून करारही चांगला असेल, हे वकील म्हणून मला गृहीत धरता येत नाही. चांगल्या माणसानं कंपनी विकली तर करार नव्या मालकाच्या हातात जातो.

भाचा : ठीक. मग आता आमच्या जागी बसून बघ. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. संघ आहे, पण खेळच नाही, अशी अवस्था. २०२१ च्या जुलैमध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला. २०२२ मध्ये त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दिसू लागली, आणि त्याच वर्षी २८ जुलैला सरकारी आदेशानं गेम ॲप स्टोअरवरून गायब. तो परतला मे २०२३ च्या अखेरीस. मधले दहा महिने घरभाडं, कोच, स्वयंपाक, वीज, सगळं चालूच होतं. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली; उद्या ती बंद पडली तरी कबड्डी राहील, गावागावात मैदानं आहेत. बीजीएमआयचा मालक क्राफ्टन आहे आणि कॉम्प्युटरवरच्या व्हॅलोरंटचा मालक रायट गेम्स. त्यांनी सर्व्हर बंद केला की आमचं मैदानच नाहीसं होतं. इतकी जोखीम दुसऱ्या कुठल्या खेळातला संघमालक घेतो?

आत्या : जोखीम खरी आहे, मान्य. पण या करारात ती कोणाच्या डोक्यावर ठेवली आहे ते ऐक. ‘शासकीय आदेशामुळे खेळ बंद झाल्यास मानधन स्थगित राहील, कराराची मुदत मात्र चालू राहील.’ म्हणजे दहा महिने पगार नाही, आणि त्या दहा महिन्यांत दुसरीकडे कामही करायचं नाही.

भाचा : हे चूक आहे. पगार थांबला तर मुलगा मोकळा झाला पाहिजे. यावर मी वाद घालणार नाही.

आत्या : मग वाद कशावर घालशील?

भाचा : बायआउटवर, म्हणजे मुदतीआधी खेळाडू न्यायचा तर भरायच्या रकमेवर. त्यावर मी ठाम आहे. आम्ही एखाद्या अनोळखी मुलावर वर्षभर खर्च करतो. तो एका स्पर्धेत चमकला की दुसऱ्या दिवशी मोठ्या ऑर्गचा फोन येतो. बायआउट नसेल तर घडवायचं आम्ही आणि न्यायचं त्यांनी. मग लहान गावातल्या मुलाला शोधण्याच्या भानगडीत कोण पडेल? सगळे तयार खेळाडूच उचलतील. फुटबॉलमधले लहान क्लब खेळाडू विकूनच जगतात.

आत्या : मुदतीच्या आतल्या बायआउटला माझा विरोध नाही. खर्च केला आहे, तर तो भरून मिळावा. माझा विरोध मुदत संपल्यावरच्या हक्काला आहे. इथे लिहिलंय की दोन वर्षांनी करार संपला, की मुलाला बाहेरून आलेला प्रत्येक प्रस्ताव आधी या कंपनीला दाखवायचा आणि कंपनीनं तेवढीच रक्कम देऊ केली तर इथेच राहायचं. हे वाचताना मला झहीर खानचा खटला आठवला.

भाचा : क्रिकेटपटू झहीर?

आत्या : तोच, आपल्या श्रीरामपूरचा. पर्सेप्ट डीमार्क नावाच्या कंपनीशी त्यानं २००० मध्ये तीन वर्षांचा करार केला होता. जाहिराती आणणं, प्रसिद्धी सांभाळणं हे काम कंपनीचं. करारात अगदी हेच कलम होतं. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव. झहीरनं मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीशी करार केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २००६ मध्ये निकाल झहीरच्या बाजूनं लागला. भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. न्यायालयानं म्हटलं, मुदतीनंतरचा हा अंकुश त्यातच मोडतो. वीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न या करारात जसाच्या तसा परत लिहिलाय.

भाचा : म्हणजे ते कलम टिकणारच नाही. मग काळजी कशाची?

आत्या : काळजी वेळेची. झहीरची मुदत २००३ मध्ये संपली आणि अंतिम निकाल २००६ मध्ये लागला. तो भारताकडून खेळत होता, त्याला थांबता आलं. तुझ्या मुलांचं काय?

भाचा : तीन वर्षांत आमच्याकडे संपूर्ण पिढी बदलते. संघ बदलायची मुदत, ट्रान्सफर विंडो, काही दिवसांची असते. त्या दिवसांत जुन्या ऑर्गनं ना-हरकत, म्हणजे एनओसी, दिली नाही, तर मुलगा नव्या संघाच्या यादीत बसत नाही आणि मोसम हातचा जातो. कोर्टात जायचं तर दूरच. आणखी एक. ज्यानं ऑर्गवर केस केली, त्याला पुढची ऑर्ग घेताना दहा वेळा विचार करते.

आत्या : हेच मला म्हणायचं होतं. कायदा त्याच्या बाजूनं आहे, पण कायद्याकडे पोहोचायला लागणारा वेळ त्याच्यापाशी नाही. त्यामुळे जे काही संरक्षण द्यायचं ते सही होण्याआधी द्यावं लागेल. नंतर दिलेला न्याय या मुलांच्या उपयोगाचा नाही.

भाचा : पण या मुलाच्या वडिलांनी पालक म्हणून सही केली, तर करार पक्का होतो ना?

आत्या : होत नाही, आणि इथे तुम्हीही अडचणीत आहात. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार मुळातच शून्य असतो. मोहरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच ते ठरवून टाकलं. पालकाच्या सहीचं म्हणशील, तर मुंबई उच्च न्यायालयाचाच राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा १९४९ च्या ग्रंथात छापलेला निकाल आहे. मुलगी अल्पवयीन, तिनं चित्रपटात काम करावं म्हणून तिच्या वडिलांनी निर्मात्याशी करार केला. निर्मात्यानं भूमिका दुसरीला दिली. मुलीनं दावा लावला आणि ती हरली. अल्पवयीन मुलीचा सेवेचा करार शून्य, वडिलांनी केला म्हणून तो सजीव होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

भाचा : थांब. म्हणजे मुलावर करार बंधनकारक नाही, हे एक झालं. पण आम्ही सहा महिने पगार बुडवला, तर त्या मुलालाही कराराच्या आधारे दावा लावता येणार नाही?

आत्या : अवघड जाईल. राजराणीचं तेच झालं. अल्पवयीन मुलाला वाचवायला केलेला नियम त्याच्याच अंगावर येतो. म्हणून म्हणते, सतरा वर्षांच्या मुलाचा करार आजच्या कायद्यात दोन्ही बाजूंना अधांतरी आहे. आणि दुसरी विसंगती बघ. बीजीएमआय स्वतःच अठराखालच्या खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा घालतो. या करारात सराव लिहिलाय आठ तासांचा.

भाचा : त्याला आमच्या धंद्याकडे सरळ उत्तर नाही. मोठ्या स्पर्धेतली काही मुलं अठराच्या उंबरठ्यावरची असतात. बोटांची चपळाई त्याच वयात असते, म्हणून सगळे तिकडेच शोधतात. पण तू जे म्हणतेस ते जगात कुठे जमलंय का? की आम्हीच प्रयोगाचे ससे?

आत्या : दक्षिण कोरियाचं तू मला सांगावंस. तुमच्या धंद्याची पंढरी ती.

भाचा : ग्रिफिनचं प्रकरण म्हणतेस का? २०१९ मधलं. ग्रिफिन हा लीग ऑफ लेजेंड्सचा संघ. त्यांचा कानावी नावाचा कोवळा खेळाडू चीनच्या जेडी गेमिंगकडे उसना गेला होता. कोरियन कायद्यानं तो तेव्हा सज्ञान नव्हता. संघाच्या प्रमुखानं दबाव आणून त्याला तिथे दीर्घ मुदतीचा करार करायला लावला, असं संघातून बाहेर पडलेल्या कोचनं उघडपणे सांगितलं. चौकशी झाली, संघाला दहा कोटी वॉन दंड झाला, प्रमुखावर बंदी आली. बंदी त्या कोचवरही आली, तेव्हा लोक खवळले. दोन लाखांहून जास्त लोकांनी राष्ट्राध्यक्षांकडे सह्यांचं निवेदन दिलं.

आत्या : आणि पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२० मध्ये त्यांच्या संसदेनं ईस्पोर्ट्सच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि सरकारनं नमुना करार तयार केले. पक्क्या खेळाडूसाठी एक, शिकाऊ खेळाडूसाठी दुसरा आणि अल्पवयीनांसाठी वेगळी पुरवणी. एका मुलाची कहाणी बाहेर आली आणि वर्षभरात देशभरच्या मुलांना एक कागद मिळाला. आपल्याकडे ते का होऊ नये?

भाचा : कारण त्यांच्याकडे २००० सालापासून केस्पा ही ईस्पोर्ट्सची संघटना आहे, कंपन्या मोठ्या आहेत, प्रेक्षक पैसे मोजतात. आपल्याकडे नियम आले की आधी लहान ऑर्ग मरतील. अमेरिकेतली ओव्हरवॉच लीग बघ. खेळाडूला वर्षाला किमान ५०,००० डॉलर, आरोग्यविमा, संघाच्या बक्षिसातला किमान निम्मा वाटा, सगळं लिहून दिलं होतं. २०२३ मध्ये लीग बंद.

आत्या : पगारामुळे बंद झाली?

भाचा : नाही, तेवढंच कारण नव्हतं. शहराच्या नावानं संघ घ्यायचा तर दोन कोटी डॉलरची फी असल्याच्या बातम्या होत्या. मग करोना आला, घरच्या मैदानावरचे सामने गेले, प्रेक्षक घटले. पैसा आधीच फुगवून ठेवला होता. तसंच टीएसएम या अमेरिकी ऑर्गचं. जून २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीनं दहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलर देऊ केले, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती कंपनीच बुडाली. फेझ क्लॅन ही तिथलीच दुसरी ऑर्ग जुलै २०२२ मध्ये ७२.५ कोटी डॉलरच्या मूल्यावर शेअर बाजारात उतरली आणि पुढच्या वर्षी सुमारे १.७ कोटींच्या सौद्यात विकली गेली.

आत्या : म्हणजे ही घरं पडली ती मालकांनी उंच बांधली म्हणून. खेळाडूला किमान वेतन आणि विमा दिल्यानं कोणी बुडाल्याचं तू मला दाखवलं नाहीस.

भाचा : मान्य. पण माझ्यासारख्या मध्यम ऑर्गला महिन्याचा हिशेब जुळवावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला. पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदी आली, ड्रीम इलेव्हननं भारतीय क्रिकेट संघाची जर्सीसुद्धा सोडली. त्या क्षेत्राचा प्रायोजकपैसा ईस्पोर्ट्समध्येही होता, तो आटला. त्याच कायद्यानं ईस्पोर्ट्सला मान्यता दिली, ते चांगलं झालं. निदान आता मुलाच्या बापाला सांगता येतं की हा जुगार नाही.

आत्या : मान्यता मिळाली, त्याचा मला आनंद आहे. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्स नुसतं प्रदर्शनापुरतं होतं, तेव्हा तीर्थ मेहतानं कांस्य जिंकलं. पुढच्या आशियाई स्पर्धेत, हांग्जोला, तो पदकांचा खेळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारनं तो क्रीडा खात्याकडे सोपवला. एवढं सगळं झाल्यावर आता खेळाडूला खेळाडू म्हणूनच वागवा, एवढंच माझं म्हणणं. नव्या कायद्यात स्पर्धा, प्रशिक्षण, प्रोत्साहन यांचा विचार आहे. खेळाडू आणि संघचालक यांच्यातल्या कराराचं कलम मात्र नाही. ते नियमांत यावं.

भाचा : आणि प्रत्येक मुलानं स्वतंत्र एजंट ठेवावा, असंही म्हणशील. मला त्याची धास्ती वाटते. एजंटचा वाटा व्यवहारावर असतो. मुलानं दर सहा महिन्यांनी संघ बदलला तर एजंटचा फायदाच. संघ बांधायला वेळ लागतो, आत्या. चौघांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो.

आत्या : एजंट हा रामबाण उपाय आहे असं मी म्हणत नाही. तोही बिघडू शकतो. म्हणून कॅलिफोर्नियात कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या एजंटला सरकारी परवाना लागतो. टर्नर टेनी, खेळातलं नाव टीफ्यू, यानं मे २०१९ मध्ये फेझ क्लॅनवर दावा लावला, तेव्हा त्याचा एक मुद्दा हाच होता. तुम्ही माझे एजंट म्हणून काम करता आणि तुमच्याकडे परवाना नाही. काही जाहिरातींत ८० टक्क्यांपर्यंत वाटा कंपनीचा, असं करारात असल्याचं त्याचं म्हणणं होतं.

भाचा : दुसरी बाजूही सांग. फेझनं म्हटलं होतं की प्रत्यक्षात त्यांनी त्याच्याकडून एकूण ६०,००० डॉलरच घेतले आणि त्यानं लाखो डॉलर कमावले. २०२० मध्ये तडजोड झाली.

आत्या : दोन्ही बाजू घेतल्या तरी माझा मुद्दा राहतो. जो हक्क बजावायचाच नव्हता तो लिहून कशाला घेतला? करारात लिहिलेली गोष्ट आज नाही तर उद्या वापरली जाते. आणि संघ टिकवायचा तर दुसरी वाटही आहे. लीग ऑफ लेजेंड्स खेळणारा कोरियाचा फेकर २०१३ पासून एकाच संघात, टी-वनमध्ये, आहे. २०२० मध्ये टी-वननं त्याला कंपनीत भागीदारी दिली. त्यानंतर त्यानं त्याच संघाला आणखी तीन जगज्जेतेपदं मिळवून दिली.

भाचा : फेकर एखादाच असतो.

आत्या : खरंय. पण धोरण एखाद्यासाठी नसतं. दोन वर्षं टिकलेल्या मुलाला त्याच्या चॅनलच्या उत्पन्नात चढता वाटा दे, तो सहज सोडून जाणार नाही. आता मला स्पष्ट सांग, तुझ्या ऑर्गच्या करारात यातलं काय उद्यापासून घालशील?

भाचा : सांगतो. पगार थांबला की खेळाडू मोकळा. मुदत संपली की कुठलाही हक्क शिल्लक नाही. टोपणनाव आणि स्वतःचं चॅनल खेळाडूचं. आमच्या घरात, आमच्या खर्चानं चित्रित झालेलं आमचं. बायआउट राहील, पण रक्कम केलेल्या खर्चाशी जोडलेली आणि दर महिन्याला कमी होत जाणारी.

आत्या : हे उत्तम. करार मोडल्याची रक्कम कागदावर कितीही मोठी लिहिली तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. खर्चाशी जोडलीस, तर ती टिकण्याची शक्यता वाढते. यात तुझाही फायदा आहे. आणि अठराखालचे?

भाचा : त्यांच्याशी खेळाडूचा करार नाही. शिष्यवृत्तीसारखी मदत, कोचिंग, परीक्षेच्या काळात सुट्टी. अठरा पूर्ण झाल्यावर त्यानं ठरवायचं. पण मग त्या दिवशी तो दुसऱ्याकडे गेला तर?

आत्या : गेला तर जाईल. ती जोखीम तुला घ्यावी लागेल.

भाचा : ही मला जड जाते. सगळ्यांना एकच नियम असेल तर मी ती घेईन. मी एकट्यानं घेतली आणि शेजारच्यानं सतराव्या वर्षीच सही घेतली, तर माझा संघ संपेल. म्हणून नमुना करार हवा असेल तर तो सगळ्यांवर बंधनकारक हवा.

आत्या : ‘लहान ऑर्ग मरतील’ म्हणणारा तूच आता नियम मागतोयस.

भाचा : कारण नियम नसला की सचोटीनं वागणाऱ्याचं नुकसान होतं, हे मी रोज बघतो. पण एक गोष्ट मी मान्य करणार नाही. सही करण्याआधी मुलाला स्वतंत्र वकील मिळावा, हे तुझं म्हणणं बरोबर. त्याचा खर्च ऑर्गनं करावा, हे नाही. आम्ही पैसे दिलेला वकील स्वतंत्र कसा?

आत्या : सगळ्या ऑर्गनी मिळून एक निधी करावा, म्हणजे वकील कोणा एकाचा राहणार नाही.

भाचा : निधी गेम बनवणाऱ्या कंपनीनं द्यावा. मैदान तिचं, तिकीट तिचं, आणि खेळाडू एका संघातून दुसऱ्यात गेला तर त्याची नोंद तिच्याच वहीत होते. मुंबईची ग्लोबल ईस्पोर्ट्स ही ऑर्ग रायटच्या व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये गेली, तिथे रायट भागीदार संघांना वार्षिक निधी देतेच. मग इथे प्रकाशकानं खेळाडूच्या वकिलासाठी थोडं बाजूला काढलं तर काय बिघडेल? ज्या कराराची प्रत निधीच्या वकिलानं तपासली नाही, त्या खेळाडूची नोंदच करू नये.

आत्या : नोंदणीशी जोडायची कल्पना माझ्या निधीपेक्षा सरस आहे. कोर्टाला तीन वर्षं लागतात, तिथे ही अट पहिल्याच दिवशी लागू होईल. पण प्रकाशक हा व्यवहारातला सर्वांत बलवान पक्ष. खेळाडूचा कैवारी तोच, हे मला पटत नाही. पैसा त्याचा असू दे, वकिलांची यादी मात्र क्रीडा खात्यानं ठरवावी.

भाचा : खात्याची यादी वेळेवर निघेल, याची खात्री मला नाही.

आत्या : मलाही नाही. म्हणून मागणी आजपासून करायची.

आत्या आणि भाचा इथे थांबतात, कारण पुढचं त्यांच्या हातात नाही. माझं मत मी सरळ मांडतो. ऑर्ग नसत्या तर तालुक्याच्या गावातला हुशार खेळाडू घरातल्या ओरड्यापलीकडे गेला नसता, हे भाच्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्याची जोखीम खरी आहे आणि तिची भरपाई त्याला मिळायला हवी. पण पगार देणारा, एजंट आणि घरमालक या तिन्ही भूमिका एकाच कंपनीकडे असतील, तर त्या मुलाच्या बाजूनं बोलणारं कोणीतरी बाहेरचं असलंच पाहिजे, आणि ते सही होण्याआधी असलं पाहिजे. २०२५ च्या कायद्यानं ईस्पोर्ट्सला खेळ म्हटलं. त्या कायद्याखालच्या नियमांत नमुना करार, अठराखालच्यांसाठी वेगळी पुरवणी आणि करार तपासल्याशिवाय खेळाडूची नोंदणी नाही ही अट, या तीन गोष्टी याव्यात. कोरियात त्यासाठी आधी एका मुलाला सोसावं लागलं. आपल्यासमोर त्याचं उदाहरण आहे, आपल्या न्यायालयांचे निकाल आहेत आणि नियम घडवण्याची संधीही आहे. आपल्याही एखाद्या मुलाला सोसावं लागेपर्यंत वाट बघण्याचं कारण नाही.